सही नसलेली कविता

१ एप्रिल १८४३, शनिवार. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या दरवाजात तुम्ही उभे आहात. समोरची उंच खांबांची इमारत एके काळी आयर्लंडची संसद होती. १८०१ मध्ये देश ब्रिटनला जोडला गेला, संसद उठली आणि तिथे बँक आली. कॉलेजात येता-जाता रोज हेच दृश्य डोळ्यांसमोर येते.

जवळच ट्रिनिटी स्ट्रीटवर १२ नंबरच्या घरात ‘द नेशन’चे कार्यालय आहे. टॉमस डेव्हिस, चार्ल्स गॅव्हन डफी आणि जॉन डिलन या तरुणांनी गेल्या ऑक्टोबरात हे साप्ताहिक काढले. आजचा अंक उचला. किंमत सहा पेन्स, मजुराच्या खिशाला न परवडणारी. म्हणून गावोगावच्या वाचनालयांत एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे त्याच्याभोवती बसून ऐकतात.

अंकात तुम्हाला एक कविता दिसते : ‘द मेमरी ऑफ द डेड’. कडवी सहा, खाली सही नाही. १७९८ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या फसलेल्या उठावात मेलेल्यांची ही आठवण आहे. कुणी मायभूमीतच मातीला मिळाले, कुणी परमुलुखात. त्यांचे नाव घ्यायला लाजता कशाला, असे कवी विचारतो. हे छापायला धैर्य लागते. सनदशीर मार्गाचा आग्रह धरणाऱ्या आयरिश नेत्या डॅनियल ओकॉनेललाही अठ्ठ्याण्णवचे गुणगान रुचत नाही.

कवी आहे जॉन केल्स इन्ग्रॅम, ट्रिनिटीतला १९ वर्षांचा विद्यार्थी.

आता १८४४ मध्ये या. कोर्टात ओकॉनेल आणि डफी आरोपी म्हणून उभे आहेत, आरोप कटाचा. सरकारी वकील पुराव्यादाखल हीच कविता वाचून दाखवतो. जी दडपायची, ती सरकारनेच भर कोर्टात लोकांच्या कानी घातली! दोघांना शिक्षा होते, पण सप्टेंबरात लंडनचे हाउस ऑफ लॉर्ड्स ती रद्द करते. कविता एव्हाना ‘द स्पिरिट ऑफ द नेशन’ या संग्रहात गेली आहे. १८४५ च्या आवृत्तीत तिला सुरावटही मिळते आणि ती लोकांच्या तोंडी बसते. त्याच वर्षी डेव्हिस तिशीतच जातो. डफी पुढे ऑस्ट्रेलियाला जाऊन १८७१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचा पंतप्रधान होतो.

आणि इन्ग्रॅम? तो ट्रिनिटीत ग्रीकचा प्राध्यापक होतो, ग्रंथपाल होतो, अर्थशास्त्राचा इतिहास लिहितो. कविता कुणाची हे जाणकारांना ठाऊक असते, तरी तो स्वतः ती छापील पुस्तकात आपल्या नावावर घेत नाही. बंडाच्या राजकारणापासूनही तो दूर राहतो.

१९०० साली त्याचा ‘सॉनेट्स अँड अदर पोएम्स’ हा संग्रह उघडा. ७७ व्या वर्षाकडे झुकलेल्या या माणसाने अखेर ती कविता आपली म्हणून छापली आहे.

तोवर ५७ वर्षे गेली होती. त्या काळात कविता टिकली ती ज्यांनी ती पाठ केली, गायली आणि मुलांना शिकवली त्यांच्यामुळे. हुतात्म्यांवरच्या कवितेला कवीच्या नावापेक्षा अशी माणसे अधिक लागतात. तुमच्या गावात कुणाला असे एखादे जुने गाणे पाठ असेल, तर ते आजच लिहून घ्या.