खापरपणजीचं नाव कुठे शोधायचं?

आजचा इतिहास किल्ल्यांचा नाही, तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेतला आहे.

आमच्याकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो आहे. खुर्चीवर पागोटं घातलेले खापरपणजोबा, मांडीवर तीन-चार वर्षांचे पणजोबा आणि शेजारी उभी नऊवारीतली खापरपणजी. तिच्याबद्दल घरात एकच वाक्य ऐकायला मिळतं: 'ती प्लेगात गेली.' नाव विचारलं की सगळे गप्प.

आधी फोटोचं वर्ष काढलं. पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्म 1914 चा आहे. म्हणजे फोटो साधारण 1917-18 चा. ती गेली त्याच्यानंतर. मुंबई इलाख्यात प्लेग 1896 पासून होता, पण 1918 म्हटलं की दुसरीच साथ आठवते: इन्फ्लुएंझा.

मग गाठलं तहसील कार्यालयाचं रेकॉर्ड रूम. गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. अर्ज केला, नकला मिळाल्या, आणि सगळं मोडीत! मोडी वाचणाऱ्या एका काकांना सोबत घेतलं. तुम्ही शोधणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. आणि कागदावर शक असेल तर 78 मिळवा, इसवी सन मिळतं.

ऑक्टोबर 1918. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू, इथे पानंच्या पानं भरलेली. कारण एकच: ताप. त्या काळी कॉलरा, देवी, प्लेग, ताप अशी ठरावीक कारणं लिहायचे. इन्फ्लुएंझा त्यात नव्हताच, म्हणून तो तापात गेला. भारतात या साथीनं एक कोटीहून जास्त माणसं नेली असा अंदाज आहे, आणि त्यात तरुण बायका खूप होत्या.

आमची नोंदही सापडली. खापरपणजोबांचं नाव, पुढे 'याची बायको', वय 22, ताप. प्लेग नाही. पण नाव? तेही नाही. सरकारी कागदात ती फक्त कुणाची तरी बायको.

शेवटचा प्रयत्न नाशिकला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की यजमानांची नामावळी निघते. गुरुजींनी वही उघडली. खापरपणजोबा श्राद्धाला आले होते, आई-वडील, भाऊ सगळे लिहिलेले, आणि एका ओळीत: 'पत्नी कै. भागीरथी.'

मी ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. घरी फोन केला तर आजी म्हणाली, "अगं, मग श्राद्धाला तिचं नाव घ्यायला हवं."

अर्थात हे सासरचं नाव असणार. लग्नात नाव बदलायची पद्धत होती. माहेरचं नाव शोधायचं तर आधी तिचं माहेर कुठलं ते कळायला हवं, आणि ते कुठल्याच कागदात नाही. आता गावातल्या म्हाताऱ्या आत्यांना विचारणं सुरू आहे.

तुमच्यासाठी होमवर्क: या रविवारी जुने फोटो काढा, आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. फोटोमागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको. आणि बायकांना सासरचं नाव विचाराल तेव्हा माहेरचंही विचारा. कागद ते सांगणार नाहीत.