रौज्याच्या वेशीतून, सन 1707

मार्चचं ऊन तापलंय. दौलताबादचा किल्ला मागे टाकून तुम्ही घाट चढून वर येता. समोरच्या गावाला सगळे रौजा म्हणतात. खुलदाबाद हे नाव अजून रुळायचंय. वेशीत एकच बातमी आहे: अहमदनगरला आलमगीर बादशहा औरंगजेब वारला आणि त्याला इथे आणून पुरलं.

शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याशी जोडे काढा, डोकं झाका. घाई नको, आधी शेखांपुढे उभे राहा. ते 1369 साली गेले. समोरच्या दर्ग्यात त्यांचे गुरू बुरहानुद्दीन गरीब आहेत, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, त्या काळात ते दख्खनेत आले. गावाला मोठेपण आलं ते या फकिरांमुळे. बादशहा नंतर आला.

आता अंगणाच्या कोपऱ्यात वळा. उघड्या आभाळाखाली ताज्या मातीचा उंचवटा. घुमट नाही, छत नाही. बादशहाची इच्छाच तशी होती. खाली वाका. ढेकळं अजून फुटलेली नाहीत, शिंपडलेलं पाणी कडेला सुकत चाललंय. संगमरवरी जाळी यायला अजून दोनशे वर्षं आहेत. टोप्या शिवून जमवलेल्या पैशांतच दफनाचा खर्च भागवा, असं तो सांगून गेला म्हणतात.

तुम्हाला संभाजीराजे आठवतील, 1689 साली याच बादशहाने त्यांना मारलं ते आठवेल. आठवू द्या. इथे उभं राहायला काही विसरावं लागत नाही. मराठ्यांना संपवायला दख्खनेत उतरलेला हा माणूस पाव शतक झुंजला आणि परत दिल्लीला गेलाच नाही.

मला विचाराल तर याच्यापेक्षा मोठी भेट गावाबाहेर आहे. तिथल्या दगडी घुमटाखाली मलिक अंबर 1626 पासून निजलाय. हबशी मुलखात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. गनिमी काव्याने त्याने मुघलांना वर्षानुवर्षं जेरीस आणलं. खडकी शहर त्याने वसवलं. पुढे त्याच शहराला औरंगजेबाचं नाव मिळालं. आज दोघंही एकाच गावच्या मातीत आहेत.

आजच्या काळात वेरूळची लेणी बघायला जाल तेव्हा इथे तासभर उतरा. आधी दर्गा, मग ती उघडी कबर. आणि मलिक अंबरला भेटल्याशिवाय परत फिरू नका.