दोन रोपे आणि एक नाव

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेस याकुशिमा हे छोटे डोंगराळ बेट आहे. तेथील उंच डोंगरांवर, सततच्या पावसात आणि वाऱ्यात, ऱ्होडोडेंड्रॉनची एक बुटकी जाती वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ ताकेनोशिन नाकाई यांनी १९२१ मध्ये तिला ‘ऱ्होडोडेंड्रॉन याकुशिमानम’ हे नाव दिले.

१९३४ मध्ये जपानी रोपवाटिकाकार कोइचिरो वादा यांनी तिची दोन रोपे इंग्लंडमधील एक्सबरी येथे लायोनेल द रोथशिल्ड यांच्याकडे पाठवली. त्यांतील एक पुढे विस्ली येथील उद्यानात पोहोचले. मध्ये महायुद्ध झाले. १९४२ मध्ये रोथशिल्ड निवर्तले. १९४७ च्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात विस्लीच्या झुडपाला सर्वोच्च प्रमाणपत्र मिळाले, ते पाहायला ते नव्हते. गुलाबी कळ्या, उमलल्यावर पांढरी होणारी फुले आणि घुमटासारखा आटोपशीर आकार, यांमुळे लहान बागांसाठीच्या असंख्य संकरांची ती जननी ठरली.

तिच्या पानांच्या खालच्या बाजूस दाट, तपकिरी लव असते. पर्णरंध्रेही त्याच बाजूस असतात. अशी लव हवेचा स्थिर थर धरून ठेवू शकते. बाष्पाची बाहेर पडण्याची वाट त्यामुळे लांबते. बागेत मात्र खरी कसोटी मातीची असते. आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि उथळ मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन तिला हवे. चुनखडीच्या जमिनीत लोह शोषले जात नाही आणि पाने पिवळी पडतात.

या कथेला भारतीय पूर्वपीठिका आहे. युरोपातील बागांना ऱ्होडोडेंड्रॉनचे वेड लावण्यात जोसेफ हूकर यांच्या १८४८ ते १८५० मधील सिक्कीम-मोहिमांचा मोठा वाटा होता. त्यांनी नव्या जातींना डलहौसी, फाल्कनर, हॉजसन, थॉमसन यांची नावे दिली. त्यांच्यासाठी कडेकपारी चढून फांद्या आणि बिया आणणाऱ्या लेपचा साथीदारांच्या वाट्याला त्या नामावळीत जागा आली नाही.

विस्लीचे ते झुडूप मात्र आज ‘कोइचिरो वादा’ या नावाने ओळखले जाते. पाठवणाऱ्याचे नाव रोपावर राहिले, ही वरवर लहान गोष्ट आहे. पण विज्ञानाचा इतिहास वाचताना आपण शोधकाचे नाव पाठ करतो; नमुना त्याच्या हाती कोणी दिला, हेही विचारायला हवे.