खेड्यांतील दूरध्वनि आणि विद्यार्थी

उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण 1980 मध्यें पुरें झालें. पाणी चढूं लागलें तशीं काठचीं गांवें उठलीं, पळसदेवचें जुनें देऊळ बुडालें, गणगोत पांगलें. सांगावा धाडावयाचा तर माणूस जावा किंवा कार्ड टाकावें. ट्रंक कॉल नोंदवून बसण्यांत दिवस मोडे. ज्यांना दूरध्वनीची निकड अधिक, त्यांच्यापासून तो दूर. तारांचें जाळें त्या काळीं बहुतांशीं शहरांपुरतेंच होतें.

दोष तारेचा नव्हता, यंत्राचा होता. मोठ्या विनिमय-यंत्रास थंड खोली लागे. खेड्यांत ती कोठून यावी? 1984 मध्यें सी-डॉट संस्था निघाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानें तेथें तरुण अभियंते जमले. कित्येक नुकतेच महाविद्यालयांतून बाहेर पडलेले. त्यांनीं 128 जोडण्यांचें, ऊन-धूळ सोसणारें यंत्र रचलें. 1986 मध्यें तें प्रथम बेळगांव जिल्ह्यांतील कित्तुरास बसलें. राणी चन्नम्माचें तेंच हें कित्तूर. एवढें जोखमीचें काम पोरांच्या हातीं कां द्यावें, असें म्हणणारांस तेथें उत्तर मिळालें. ती रचना अनेक कारखान्यांस मिळाली, पण परवान्यानेंच.

रचना सर्वांस मोकळी करण्याचें काम एका विद्यार्थ्यानें केलें. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठांत शिकणाऱ्या मार्क स्पेन्सरनें एक लहानसा व्यवसाय काढला होता. त्याला कार्यालयासाठीं दूरध्वनि-यंत्र हवें होतें, पण किंमत आवाक्याबाहेर. तेव्हां 1999 मध्यें त्यानें साध्या संगणकावर चालणारी आज्ञावली स्वतःच लिहिली, तिला ‘अ‍ॅस्टेरिस्क’ नांव दिलें आणि तिचें मूळ लेखन जगास खुलें केलें. गांवचा सुतार नांगर उघडून दुरुस्त करतो, तशी ती कोणासही उघडतां येते. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी प्रकल्प करतो, त्याची जाड पुठ्ठ्याची वही बांधतो, आणि ती कपाटांत जाते. खुल्या आज्ञावलींत केलेली दुरुस्ती परके लोक तपासतात, खोडतात, वापरतातही. 2005 पासून गूगल कंपनी अशा कामासाठीं विद्यार्थ्यांस सुट्टींत मानधनही देऊं लागली.

पुढें आपल्या देशांत अशा आज्ञावलींस आवाज मिळाला. 2010 मध्यें छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलें. अक्षरओळख नसलेला आदिवासीहि फोनवर आपली तक्रार बोलूं लागला. त्याआधीं 2009 मध्यें गुजरातेंत ‘आवाज ओटलो’चा प्रयोग झाला. त्यांतहि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता. 51 शेतकऱ्यांनीं सात महिने तो वापरला. आयत्या सूचनांपेक्षां त्यांचें मन एकमेकांच्या प्रश्नोत्तरांत अधिक रमलें.

उजनीकाठीं आज फोन हातोहातीं आहे. आणि भीमेंत पाणी कधीं सुटणार, हा प्रश्न तेथला शेतकरी अजून शेजाऱ्यासच विचारतो.