यंत्रातील मोकळी खाच



जुन्या काळाचा इतिहास लिहिणारे पंडित बखरी, ताम्रपट आणि शिलालेख यांचा आधार घेतात. परंतु ज्या काळात कचेरीचे काम कागदावरून यंत्रावर गेले, त्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला यंत्राचे झाकण उघडून आत पाहावे लागेल. सोसायट्या, बँका, शाळा आणि टायपिंगचे क्लास यांच्या टेबलांवर एके काळी असणारे ते बदामी रंगाचे, पेटीसारखे संगणक आज अडगळीत पडले आहेत. त्यांच्या बारीकसारीक भागांकडे आज आपण पाहू.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. यंत्र दिसले की 'हे किती माणसांचे काम खाणार?' हा आमचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रीकरणाविषयी करार केला, तो याच प्रश्नापोटी. पण आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: हे यंत्र घडवणाऱ्याने ते वापरणाऱ्या माणसाचा काही विचार केला होता काय? याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते कळ, खाच, स्क्रू आणि बटण यांत सापडते.

साडेतीन इंची फ्लॉपी आठवा. तिचा एक कोपरा कापलेला असे, त्यामुळे ती उलटी सारली तर आत जातच नसे. पाठीमागच्या जोडण्यांना इंग्रजी डी अक्षराचा आकार असे, तोही याचसाठी. कळफलक आणि माउस यांच्या गोल पिना मात्र एकसारख्या दिसत आणि त्यांची हटकून अदलाबदल होई. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस कळफलकाला जांभळा आणि माउसला हिरवा रंग ठरला, आणि तो घोळ मिटला. सीडीच्या खणाला टाचणीच्या टोकाएवढे एक भोक असे. वीज गेली तरी त्यात तार खुपसून अडकलेली सीडी बाहेर काढता येई. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाकडून चूक होणारच, तेव्हा त्याला दंड न करता चुकीची वाटच बंद करावी, हा शहाणपणा या सगळ्यांच्या मुळाशी आहे. कारखान्यातील अपघातांविषयी आम्ही मालकांना वर्षानुवर्षे हेच सांगत आलो.

सगळेच भाग काही इतके प्रेमळ नव्हते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटी यंत्राला पुढच्या बाजूस कुलूप होते. किल्ली फिरवली की कळफलक मुका होई आणि झाकणही उघडत नसे. ही किल्ली टंकलेखकाच्या खिशात राहणार की साहेबांच्या, हे सांगायला नको.

पुढे अनेक यंत्रांवर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करण्यासाठी होता. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीची गती ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके. त्या ठेक्यावर बेतलेले काही कार्यक्रम नव्या यंत्रावर भलतेच धावू लागत. मग बटण दाबून नव्या यंत्राला जुन्याच्या चालीने चालवावे लागे. मागे राहिलेल्यासाठी पुढे गेलेल्याने पाऊल आवरावे, ही सोय यंत्राला मिळाली. कामाचा पट्टा मंद करण्याचे असे बटण मजुराच्या हाती मात्र कोणी दिले नाही. त्या बटणाशेजारी वेगाचा आकडा लुकलुकत असे. तो आकडा काही मोजत नसे. आतल्या बारीक पिना जोडणारा कारागीर जो आकडा लावील, तोच दिसे. फलकावरचा आकडा आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर असते, हे गिरणीत राबलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता दोन यंत्रांची तुलना करू. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला. तो घडवणाऱ्या मंडळींच्या सह्या पेटीच्या आतल्या बाजूस साच्यातच उमटवल्या होत्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. त्या परंपरेत शोभावी अशीच ही गोष्ट. परंतु या सह्या पाहायच्या तर लांब दांड्याचा खास पेचकस लागे, आणि पेटीत नवे कार्ड बसवायला एकही खाच नव्हती. उलट आयबीएमच्या पीसीवर कोणाची सही नव्हती. पण आत पाच स्लॉट होते, आणि विद्युतमंडलाच्या आकृत्यांसह सगळी माहिती कंपनीने पुस्तकरूपाने विकायला ठेवली होती. आमच्या मते या मोकळ्या खाचेचा मान त्या सह्यांहून मोठा आहे. सही सांगते, 'हे आम्ही केले.' खाच सांगते, 'उरलेले तुम्ही करा.'

आणि ते आपल्याकडे केले गेले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम झाले होते. ते पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकने पुढे नेले आणि जिस्ट नावाचे कार्ड तयार केले. ते या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागत. अमेरिकेत पेटी बनवणाऱ्याला मराठीचा गंधही नव्हता. पण त्याने जागा सोडली होती, म्हणून मराठी तिथे येऊन बसली.

अक्षरांची मांडणी इन्स्क्रिप्ट या नावाने १९८६ साली ठरली होती. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळीवर आपला 'क', आणि जत तालुक्यातील कन्नड भाषकाचा 'क'देखील त्याच कळीवर. एफ आणि जे या कळांवर बोटांना जाणवणारी बारीक रेघ असते; न पाहता टंकलेखन करणाऱ्याची बोटे तिच्यावरून आपले घर ओळखतात. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ह्रस्व वेलांटी आणि 'र' आले.

त्या वेलांटीपाशीच टंकलेखकांचे दुःख होते. टाइपरायटरवर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे. नव्या मांडणीत ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर आली. परीक्षा देऊन, बोटे झिजवून मिळवलेली विद्या चाळिशीच्या माणसाला विसरावी लागणार होती. पुढे सीडॅकच्या प्रणालींत टाइपरायटरच्या मांडणीचीही सोय झाली. जुन्या बोटांसाठी जागा ठेवणे हीसुद्धा एक मोकळी खाचच म्हणावी लागेल.

ते कार्ड आता इतिहासजमा झाले. इन्स्क्रिप्टची मांडणी मात्र आजच्या संगणकांत आहे. पण आजच्या अनेक सडपातळ यंत्रांत स्मृतीच्या चिपा डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात आणि बॅटरी चिकटवलेली असते. यंत्र हलके झाले, वेगवान झाले, हे खरेच. पण नादुरुस्त झाले की पेठेतल्या कारागिराला हात लावता येत नाही, आणि एक भाग बिघडला की सबंध यंत्र भंगारात जाते. झाकण बंद होते तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याची रोजी जाते आणि शिकणाऱ्याची शाळाही बंद होते. आमच्यासारख्यांचे बरेचसे शिक्षण उघड्या झाकणांतूनच झाले आहे.

म्हणून दोन सूचना करतो. आपल्या संस्थांच्या अडगळीत असे जुने संगणक असतील, तर ते मोडीत काढण्याआधी निदान एक तरी मुलांसमोर उघडा आणि कोणता भाग कोणासाठी केला, हे त्यांना शोधू द्या. आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या सभेत नव्या यंत्राची खरेदी निघेल, तेव्हा किंमत आणि वेग विचारून झाल्यावर उभे राहून एवढेच विचारा: 'याचे झाकण आपल्या गावात उघडेल काय?' उत्तर नकारार्थी आले, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.