क्ष-किरण नलिकेचा ऊर्जा-वर्णपट

नलिकेतून निघणाऱ्या क्ष-किरण झोतात कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आहेत, हे दाखवणारा आलेख. यंत्रावर १०० किलोव्होल्ट लावले की प्रत्येक फोटॉन १०० केईव्हीचा (१ केईव्ही = १,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट) निघतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो आकडा फक्त वरची मर्यादा असते. १९१५ मध्ये ड्युएन आणि हंट यांनी ती प्रयोगाने दाखवली. रुग्णालयातल्या नेहमीच्या झोताची सरासरी ऊर्जा साधारण तिच्या निम्म्यावर येते.

तापलेल्या तंतूतून सुटलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या धनाग्रावर आदळतात. त्यांची जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. उरलेल्या टक्क्यातून, अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग मंदावताना, अखंड वर्णपट तयार होतो. त्यावर धातूच्या खास रेषा उमटतात. टंगस्टनचा के-कवचातला, म्हणजे सर्वांत आतला, इलेक्ट्रॉन उखडायला ६९.५ केईव्ही लागतात. म्हणून ६५ किलोव्होल्टवर के-रेषा मुळीच दिसत नाहीत आणि ८० वर ५८.०, ५९.३ व ६७.२ केईव्हीला उभ्या राहतात. स्तनांच्या तपासणीत मॉलिब्डेनमचे धनाग्र वापरत, ते त्याच्या १७.५ आणि १९.६ केईव्हीच्या रेषांसाठी.

हा वर्णपट गणिताने काढणाऱ्या प्रतिमानांची सुरुवात क्रेमर्स यांच्या १९२३ मधल्या सूत्रापासून होते. जाड लक्ष्यात अखंड वर्णपटाची तीव्रता वरच्या मर्यादेपासून खाली सरळ रेषेत वाढते आणि धातूच्या अणुक्रमांकाच्या प्रमाणात असते, असे ते सांगते. मात्र कमी ऊर्जेचे बरेचसे फोटॉन धनाग्रात, काचेत, तेलात आणि ॲल्युमिनियमच्या गाळणीत शोषले जातात, त्यामुळे बाहेर येतो तो उंचवटा. बर्च आणि मार्शल यांनी १९७९ मध्ये धनाग्राच्या आत इलेक्ट्रॉन ऊर्जा कशी गमावतात आणि फोटॉनांना धातूतून किती वाट काढावी लागते, याचा हिशेब जोडला. १९९७ मधले ‘टास्मिप’ दुसऱ्या टोकाचे: मोजलेल्या वर्णपटांवर बसवलेल्या बहुपदी, भौतिकी जवळपास नाहीच. ते झटपट चालते, पण धनाग्राचा कोन बदलला की त्याच्याकडे उत्तर नसते. २००९ चे ‘स्पेककॅल्क’ आणि त्यापुढचे ‘स्पेकपाय’ सैद्धांतिक वाटेने जातात. माँटे कार्लो पद्धतीत एकेका इलेक्ट्रॉनाचा माग काढतात. तपशील सर्वाधिक मिळतो, संगणकाचा वेळही सर्वाधिक खर्ची पडतो.

मोजणी हे त्याहून अवघड काम. द्रव नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियम शोधक किंवा सुटसुटीत कॅडमियम टेल्युराइड शोधक यासाठी वापरतात. थेट झोत त्यांना पेलवत नाही. म्हणून नलिकेचा प्रवाह उतरवून, शोधक दूर ठेवून, जड धातूतल्या बारीक छिद्रातून झोताचा धागा तेवढा आत सोडतात. तरीही ४० केईव्हीचे दोन फोटॉन एकदम आले, तर ८० चा एकच नोंदला जातो. १०० किलोव्होल्टवर १०० केईव्हीच्या पलीकडे नोंदी दिसल्या, तर आधी संशय या गर्दीचा घ्यावा, जनित्राचा नंतर. दुसरा मार्ग म्हणजे झोत एखाद्या वस्तूवर ९० अंशांत विखुरवून मोजायचा आणि कॉम्प्टनच्या सूत्राने मूळ ऊर्जा काढायची.

ऊर्जेच्या मापांकनासाठी अमेरिशियम-२४१ ची ५९.५४ केईव्हीची गॅमा-रेषा हाताशी असते. टंगस्टनची मुख्य रेषा ५९.३२ ला, इतकी जवळ की कॅडमियम टेल्युराइडला ती वेगळी ओळखता येत नाही. तेवढीच नलिका चालू असताना फुकटची पडताळणी! पण याच रेषेच्या खाली, ३६ आणि ३२ केईव्हीच्या आसपास, नलिकेत नसलेले दोन लहान उंचवटेही दिसतात. शोधकातल्याच कॅडमियम आणि टेल्युरियमचे २३ व २७ केईव्हीचे किरण निसटून गेले की तेवढी ऊर्जा नोंदीतून वजा होते. हे दोष काढण्यासाठी शोधकाचा प्रतिसाद आधी संगणकावर काढतात आणि सर्वोच्च ऊर्जेपासून खाली एकेक थर सोलत येतात, कारण वरच्या थरात दुसऱ्या कुणाची भेसळ नसते.

म्हणजे ‘मोजलेला’ वर्णपटही अर्धा प्रतिमानच असतो. स्वतंत्र कसोटी ॲल्युमिनियमची: झोत निम्मा करायला किती मिलिमीटर पत्रा लागतो? रुग्णालयांच्या गुणवत्ता चाचण्यांत हीच अर्धमूल्य जाडी तपासतात, वर्णपट नव्हे. पण ती एकच संख्या आहे आणि वेगवेगळ्या घडणीचे दोन झोत ती सारखीच देऊ शकतात. पत्र्याची जाडी वाढवत नेऊन मिळालेल्या वक्रावरून उलट गणिताने वर्णपट काढता येतो, मात्र मोजणीतली किंचित चूक तिथे फार मोठी होऊन बसते. त्यामुळे टंगस्टनच्या रेषांच्या जागा गणिताला आधीच सांगाव्या लागतात.