धुराचा झरोका आणि वायूचा नळ

ग्वाल्हेरहून रस्त्याने इंदूरला निघाले की शिवपुरी, गुना मागे टाकल्यावर राघोगडच्या परिसरात विजयपूर येते. लग्नकार्यांच्या निमित्ताने आपल्या कित्येक कुटुंबांनी ही वाट वर्षानुवर्षे तुडवली आहे. 'इथे युरिया होतो' एवढे मुलांना सांगायचे आणि पुढे निघायचे, हा रिवाज. पण आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासात या गावाला मानाचे पान आहे. गुजरातच्या हजिऱ्यापासून उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत जाणारी सुमारे १,७०० किलोमीटरची नैसर्गिक वायूची वाहिनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे पोहोचली. एकेकाळी ग्वाल्हेर दरबाराच्या अमलाखाली असलेल्या मुलखातून वायू धावू लागला, आणि ग्वाल्हेरकर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे सिलिंडरचा नंबर लावत बसले.

हा वायू मुळात कुठला? मोठा भाग मुंबईजवळच्या समुद्रातला. तिथल्या एका महत्त्वाच्या क्षेत्राचे नाव 'साउथ बसीन', म्हणजे दक्षिण वसई. १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेली तीच वसई! तिच्या नावाच्या समुद्रतळातून निघालेला वायू मराठी सरदारांच्या जुन्या मुलखात यावा, हा योगायोग मला फार आवडतो. आज या जाळ्यात परदेशातून जहाजाने आलेल्या वायूचीही भर पडते, पण सुरुवात तिथली.

ही वाहिनी ज्या सरकारी कंपनीच्या हाती सोपवली, ती गेल कंपनी ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, भोपाळ घडले. तिथला विषारी वायू मिथिल आयसोसायनेट. त्याचा चुलीच्या वायूशी काही संबंध नाही. पण आपल्या प्रदेशात 'गॅस' या शब्दाला त्या रात्रीपासून जो अर्थ चिकटला, तो सहजासहजी सुटला नाही. घरात 'गॅसचा नळ' येणार म्हटल्यावर जुन्या मंडळींच्या कपाळावर आठी पडली असेल, तर तिला कारण होते.

मुंबईकरांना ही आठी फार पूर्वीच पडून गेली होती. बॉम्बे गॅस कंपनी १८६२ सालची. ऑक्टोबर १८६५ मध्ये भेंडी बाजार, एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट या भागांत पहिल्यांदा वायूचे दिवे लागले, तेव्हा दिवे लावत फिरणाऱ्या माणसांच्या मागे बघ्यांचे थवे चालत होते. हा वायू दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून काढलेला असे. लालबागची गॅस कंपनी गल्ली आजही त्या कारखान्याची आठवण धरून आहे. रस्त्यावरचे दिवे पुढे विजेने घेतले, वायू मात्र घरांत शिरून चुलीखाली गेला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असे, म्हणजे भडका उडाला नाही तरी नुसत्या गळतीने माणूस दगावू शकत असे. मात्र कोळशाच्या वायूत एक गुण होता. त्याला अंगचाच घाणेरडा वास असे, त्यामुळे गळती लपत नसे. वासाचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

आपल्याकडचा प्रवास वेगळा. रेल्वे आली, तिघऱ्याचे धरण झाले, नळाचे पाणी आले, वीज आली. पण आपली स्वयंपाकघरे लाकूड, कोळसा आणि घासलेट यांवरून थेट सिलिंडरवर गेली. लष्करातील जुन्या वाड्यांची स्वयंपाकघरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल: जाड दगडी भिंती, दगडी पट्ट्यांचे छत, अंधारे माजघर आणि चुलीच्या वर, छताला लागून, धुरासाठी ठेवलेला झरोका. बांधणारा गवंडी रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. गरम धूर वर जातो, एवढे त्याला ठाऊक होते आणि तेवढे पुरत होते. पुढे शेगडी आली, वातीचा स्टोव्ह आला, भर्रर्र आवाज करणारा पंपाचा स्टोव्ह आला. त्याला पिन मारण्याचे काम घरातल्या एकाच शहाण्या माणसाकडे असे. त्या स्टोव्हने घरोघरच्या सुनांचे किती पदर पेटवले, आणि त्यातले किती खरोखर स्टोव्हने पेटवले, हा स्वतंत्र आणि काळा इतिहास आहे.

द्रवरूप वायूचे सिलिंडर आपल्या देशात १९५०च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेलने मुंबईत आणले. इंडेनची पहिली जोडणी ऑक्टोबर १९६५ मध्ये कलकत्त्यात झाली. आपल्या गल्ल्यांत तो लाल नळकांडा स्थिरावायला आणखी वेळ लागला. पण आल्यावर त्याने एक गोष्ट केली, जिची नोंद कुणी घेतली नाही. धूर संपला, म्हणून आपण झरोके बुजवले. कुठे कबुतरे येतात म्हणून, कुठे माकडे हात घालतात म्हणून, कुठे ओट्याच्या फरश्या छतापर्यंत न्यायच्या म्हणून. सिलिंडरच्या बाबतीत याने फारसे बिघडले नाही, कारण तो वायू हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. गळला तर जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, कोपऱ्यात साचतो, मोरीत उतरतो. त्याला वाट हवी ती खाली, दाराच्या उंबऱ्यापाशी.

नळाने येणारा नैसर्गिक वायू याच्या नेमका उलट. तो मुख्यतः मिथेन, हवेच्या साधारण निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा. गळला की धुरासारखा वर जातो आणि वर वाट नसेल तर छताखाली थर धरतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पुरते. म्हणजे आजोबांच्या गवंड्याने ठेवलेला आणि वडिलांनी विटा-चुन्याने बुजवलेला तो झरोका नातवाच्या नळाला पुन्हा हवा आहे. नवी जोडणी घेताना शेगडी कुठे, मीटर कुठे, हे सगळे विचारतात. छताजवळ हवेला वाट आहे का, हे घरमालकाने स्वतः पाहावे.

आता वासाची गोष्ट. साउथ बसीनचा वायू समुद्रातून निघतो तेव्हा त्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो विषारी आणि नळ खाणारा, म्हणून हजिऱ्याला काढून टाकतात. शुद्ध झालेल्या वायूला वासच उरत नाही. मग शहराच्या वेशीवर त्यात मर्कॅप्टन जातीचे उग्र रसायन थेंबाथेंबाने मिसळतात. निसर्गाची दुर्गंधी काढून माणसाची दुर्गंधी घालायची, हा उद्योग विनोदी वाटेल. त्यामागे अमेरिकेतील टेक्सासमधली एक शाळा आहे. न्यू लंडन या गावी शाळेने पैसे वाचवण्यासाठी तेलविहिरींचा उरलेला, बिनवासाचा वायू घेतला होता. इमारतीच्या तळाखालच्या पोकळीत तो गळत राहिला आणि कुणाला कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली. सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुले. त्यानंतर वायूला वास देण्याचे कायदे झाले. स्वयंपाकघरात येणारी ती उग्र झुळूक त्या मुलांमुळे आपल्यापर्यंत आली आहे.

मुख्य वाहिन्यांचेही दुखणे असते. २७ जून २०१४ रोजी आंध्रातील नगरम गावाजवळ गेलच्याच वाहिनीचा पहाटे स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. वायूतल्या ओलाव्याने नळ आतून गंजला होता. जमिनीखालचा गंज पाहणे कंपनीचे काम. घरातला नळ मात्र आपल्या डोळ्यांसमोर असतो, निदान असावा.

ग्वाल्हेर, इंदूर आणि उज्जैन या शहरांसाठी अवंतिका गॅस ही कंपनी २००६ साली गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी मिळून काढली. त्याच वर्षी संसदेने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा केला, आणि शहरी वायूजाळ्याचे सुरक्षा-नियम त्या मंडळाने पुढे ठरवले. घरापर्यंत पिवळा प्लास्टिकचा नळ जमिनीखालून येतो, भिंतीवर लोखंडी नळ चढतो, मग मीटर, मग शेगडीजवळची चावी. शेगडीपाशी दाब अवघा २१ मिलिबार, सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षाही कमी. म्हणूनच सिलिंडरची शेगडी तशीच जोडून चालत नाही, बर्नरच्या जेटचे छिद्र बदलावे लागते. 'ज्योत बारीक येते' म्हणून स्वतः दाभण घालून छिद्र मोठे करणारे महाभाग आपल्यात आहेत. पिन मारण्याची ती जुनी सवय हातातून गेलेली नाही.

आमच्या गल्लीत एका घरी ओटा नवा करताना उघडा नळ वाईट दिसतो म्हणून मिस्त्रीने तो फरशीमागे गाडून टाकला. पुढे वास येऊ लागला, पण कुठून ते सापडेना. अखेर नवी कोरी फरशी फोडावी लागली. नळ भिंतीवर दिसता ठेवतात तो याचसाठी. सांधा तपासायचा तर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून पाहणारे अजून भेटतात. आणि दुरुस्ती कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावी. पाण्याच्या नळाचा कारागीर कितीही जुना, घरोब्याचा असला तरी हे काम त्याचे नव्हे. पाण्याचा सांधा ठिबकला तर बादली लावता येते.

सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो, गळला तरी त्याला अंत आहे. नळाला तो नाही. चावी बंद होईपर्यंत वायू येत राहतो. त्यामुळे मीटरजवळची मुख्य चावी कुठे आहे, हे घरातल्या मुलांपासून स्वयंपाकाच्या बाईंपर्यंत सर्वांना ठाऊक हवे. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असलेले बंदही करायचे नाही. शेगडीची आणि मुख्य चावी फिरवायची, दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर अंगणात जाऊन मगच बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. सिलिंडर असेल तर १९०६.

आज आपल्या अनेक घरांत मुले पुण्या-बंगळुरूला आणि मागे दोनच म्हातारी माणसे आहेत. वयाबरोबर नाक मंद होते, करोनानंतर काहींचे कायमचे गेले. वासावर उभी असलेली सगळी व्यवस्था अशा घरात लंगडी पडते. त्यांच्यासाठी वायू ओळखून वाजणारी छोटी यंत्रे मिळतात. गणपतीला मुले घरी येतील तेव्हा ते बसवून घ्यावे: सिलिंडर असेल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, नळ असेल तर छताखाली, जिथे पूर्वी झरोका होता त्याच्या आसपास.